ग्रीसमधलं समुद्राकाठचं शांत गाव : तुमचे अनुभव लिहा

ग्रीस म्हटलं की आपल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सांतोरिनी बेट येतं. तिथे आता इतकी माणसं उतरतात की क्रूझ जहाजांतून दिवसाला किती जणांनी यायचं यावर मर्यादा घालावी लागली. २०२५च्या जुलैपासून तर ऐन मोसमात क्रूझ जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येकाकडून २० युरो घेतले जातात. पण ग्रीसला १३ हजार किलोमीटरहून जास्त किनारा आहे. त्यावर अशी कितीतरी लहान गावं आहेत, जिथे एक धक्का, चार खानावळी, एक चर्च आणि पोहायला स्वच्छ पाणी एवढंच असतं. आपल्यातले बरेच जण, विशेषतः युरोपात राहणारे, अशा गावांत राहून आले आहेत.

त्यांनी इथे सविस्तर लिहावं म्हणून हा धागा. गावाचं नाव, कसे पोचलात, काय खाल्लंत, कुणाशी बोललात, सगळं येऊ द्या. "फार सुंदर होतं" एवढ्यावर थांबू नका. ते गाव शांत कशामुळे राहिलं हे तिथे राहून उमगलं असेल तर ते आवर्जून लिहा. मला त्याचंच सगळ्यांत जास्त कुतूहल आहे.

सुरुवात मी करते.

उट्रेख्टहून : लुत्रो, क्रीट

क्रीट बेटाच्या दक्षिणेला स्फाकिया नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे पर्वत, थेट समुद्रात उतरतात. कडा आणि पाणी यांच्यामध्ये जी इवलीशी जागा उरते तिथे लुत्रो वसलंय. गावात मोटाररस्ता येत नाही. बोटीने यायचं, नाहीतर चालत. आम्ही हानिया शहरातून बसने पर्वत ओलांडून खोरा स्फाकियॉन या बंदराच्या गावी आलो. शेवटच्या वळणावळणांच्या उतारावर खाली लिबियन समुद्र पसरलेला दिसतो आणि बसमधले सगळे बोलायचे थांबतात. तिथून बोटीने वीसेक मिनिटं.

गाव म्हणजे अर्धगोल खाडी, पाण्यालगत पांढऱ्या घरांची ओळ आणि निळी दारं-खिडक्या. खाली खानावळ, वर भाड्याच्या खोल्या, अशी बहुतेक घरं. सकाळी बोट लागली की तिचा पुढचा फळा खाली पडतो आणि टोमॅटोचे क्रेट, गॅसची सिलिंडरं, धुतलेल्या चादरींचे गठ्ठे, पाण्याच्या बाटल्या असं सगळं बाहेर येतं. परतीच्या फेरीला कचऱ्याच्या पिशव्या चढतात. हे मी रोज कॉफी घेऊन बघत बसायचे. गावाला मीठ लागलं तरी ते या बोटीनेच येणार, हे एकदा डोक्यात शिरलं की ताटातली भाजी टाकवत नाही.

दिवसा बाहेरून फिरायला येणारे असतात. संध्याकाळची शेवटची बोट गेली की मुक्कामी माणसंच उरतात. मग शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात, इतका वेळ त्या कानावर पडतच नव्हत्या.

पायी भटकायला हा भाग फार समृद्ध आहे. पूर्वेला तासाभराच्या चालीवर ग्लिका नेराचा किनारा आहे. तिथे गोट्यांखालून गोड्या पाण्याचे झरे समुद्रात जातात. हाताने खड्डा केला की थंड, पिण्याजोगं पाणी भरतं, आणि दोन हातांवर खारा समुद्र! पश्चिमेला मार्मारा आणि अरादेनाची घळ. गावाच्या मागून नागमोडी पायवाट सुमारे ६०० मीटर चढून आनोपोलीला जाते. ती पहाटेच चढावी, सावली अजिबात नाही. आनोपोलीच्या चौकात दास्कालोयान्निस याचा पुतळा आहे. हा जहाजमालक. रशियाची मदत येईल या भरवशावर त्याने १७७०मध्ये तुर्कांविरुद्ध उठाव केला. मदत आली नाही. १७७१मध्ये हेराक्लिऑन शहरात त्याची जिवंतपणी कातडी सोलून त्याला मारलं. हानियाच्या विमानतळाला त्याचंच नाव आहे. आपण तिथे उतरतो आणि नाव न वाचता पुढे जातो. १९४१च्या मे महिन्यात क्रीट जर्मनांच्या हाती गेलं तेव्हा दोस्त राष्ट्रांचे हजारो सैनिक हेच पर्वत पायी ओलांडून खोरा स्फाकियॉनला आले आणि तिथून रात्रीच्या अंधारात जहाजांवर चढले. ज्या किनाऱ्यावर आपण टॉवेल पसरतो त्याने हे सगळं बघितलंय.

खाण्यात स्फाकियाची पीता चुकवू नका. पिठात मिझिथ्रा नावाचं ताजं चीज भरून पातळ लाटतात, कोरड्या तव्यावर भाजतात आणि वर थाइमचा मध ओततात.

आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या. रस्ता यावा असं वाटतं का, हे मी त्यांना त्यांच्या नातीमार्फत विचारलं. त्या बराच वेळ बोलल्या. हिवाळ्यात गाव जवळजवळ रिकामं होतं, वारा फिरला की बोट येत नाही, दुखणं काढलं तर वाट बघत बसावं लागतं. पण रस्ता आला तर गाड्या कुठे उभ्या करणार, आणि मग आमच्याकडे कोण येणार, हेही त्यांनीच पुढे सांगितलं. आपल्याला सुट्टीत मिळणाऱ्या शांततेसाठी या बाई दर हिवाळ्यात काहीतरी सोसतात, हे त्या बोलण्यानंतर माझ्या मनातून गेलेलं नाही.

वसईहून

ताई, लुत्रोच्या टेकाडापलीकडची फिनिक्सची खाडी बघितलीत का? बायबलमध्ये, प्रेषितांच्या कृत्यांच्या २७व्या अध्यायात, तिचं नाव आहे. संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेत होते. हिवाळा तोंडावर आला म्हणून खलाशांनी क्रीटमधलं फिनिक्स बंदर गाठून तिथे थांबायचं ठरवलं. ईशान्येचा वादळी वारा उठला, जहाज भरकटलं आणि शेवटी माल्टाला फुटलं. मी लहानपणापासून हा भाग ऐकत आलोय. तिथे गेलो तेव्हा वारा पडलेला होता आणि खाडीत पोहणारी दोन मुलं होती. खलाशांनी तेच बंदर का निवडलं हे जागा बघितल्यावर लगेच कळतं. समोर मोकळा समुद्र असूनही आत पाणी स्थिर असतं. मी तिथे उभा राहून तो अध्याय मोबाइलवर काढून मोठ्याने वाचला.

लंडनहून, मूळ गुहागरची : कार्दामिली

आम्ही राहिलो ते गाव ग्रीसच्या दक्षिणेकडच्या कालामाता शहराच्याही खाली, गाडीने तासाभराच्या आत. एका बाजूला मेसिनियाचं आखात, पाठीशी २,४०० मीटरहून उंच ताइगेतोस पर्वत, मध्ये ऑलिव्हच्या बागा आणि सायप्रसची झाडं. घरं दगडी. होमरच्या महाकाव्यात अगामेम्नॉन अकिलीसला सात नगरं देऊ करतो, त्यांत कार्दामिलीचं नाव आहे. म्हणजे ही वस्ती किती जुनी असेल बघा. इंग्रज लेखक पॅट्रिक ली फर्मर यांनी गावाशेजारच्या कालामित्सीत घर बांधलं आणि ते २०११मध्ये वारले तोवर तेच त्यांचं घर होतं. ते घर त्यांनी अथेन्सच्या बेनाकी संग्रहालयाला दिलं.

पण मला लिहायचंय ते पाण्याबद्दल. मी समुद्राकाठी वाढले. पहिल्या संध्याकाळी खानावळीची टेबलं अगदी पाण्याला टेकून मांडलेली बघितली आणि भरती आली की हे काय करतात, असं मालकांना विचारलं. ते हसले. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, पाणी वीतभर चढतं-उतरतं तेवढंच. आपल्याकडे भरतीला पाणी पुरुषभर, कधी त्याहूनही जास्त चढतं, कोळी, होड्या, जाळी, बाजार सगळं तिच्या वेळेवर चालतं. तिथे समुद्र दिवसभर एकाच जागी उभा असतो. म्हणून धक्के इतके बुटके आणि घरं पाण्याच्या इतकी जवळ. मला हे पचायला वेळ लागला. दुपारी झोपून उठल्यावर किनारा होता तिथेच आहे हे बघून रोज नवल वाटायचं.

दुसरं, पाण्याची पारदर्शकता. दहा-पंधरा हात खोलवरचे गोटे मोजता येतात. आपल्याकडे असं का नाही, असं माझ्या मुलाने विचारलं आणि मी शोधून वाचलं. पूर्व भूमध्य समुद्रात पोषक द्रव्यं फार कमी आहेत. मोठ्या नद्या कमी, शेवाळ-प्लवक कमी, म्हणून पाणी नितळ. आपल्या किनाऱ्याला पावसाळ्यात नद्या गाळ आणून ओततात, पाणी गढूळ दिसतं, पण त्यावरच माशांचं अन्न, म्हणजे प्लवक, वाढतं. म्हणून आपल्याकडे बांगडा टोपल्यांनी येतो. तिथे मच्छीमार सकाळी परतला तर त्याच्या ट्रेमध्ये मोजके मासे असतात. खानावळीत ताजा मासा किलोवर विकतात आणि तो महाग असतो. मालकीण आत नेऊन मासा दाखवते, आपल्यासमोर तोलते, भाव सांगते. गोठवलेला असेल तर मेनूवर त्यापुढे खूण असते, ती बघून घ्या. आम्ही रोज मासा खाल्ला नाही. वांगं, कांदा, टोमॅटो, ऑलिव्ह तेल यांतच मजेत राहिलो.

आम्ही ऑक्टोबरात गेलो होतो. पाणी पोहण्याइतकं उबदार होतं आणि गावात ऑलिव्ह उतरवायची तयारी सुरू झाली होती. बागांत जाळी अंथरायला काढलेली. सुट्टीवाले गेले की गाव पुन्हा शेतीकडे वळतं. निव्वळ पाहुण्यांवर न जगणारं गाव असलं की तिथे आपल्यामागे कुणी धावत नाही, हे मला तिथे फार आवडलं.

डब्लिनहून : सिफनोस, आणि शाकाहारी जेवण

आमच्या घरी सासूबाई आणि मी शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. ग्रीसला आमचं कसं होणार अशी काळजी होती. म्हणून हे जरा खुलासेवार लिहिते, पुष्कळांना उपयोगी पडेल.

ऑर्थोडॉक्स चर्चच्या पंचांगात उपासाचे दिवस भरपूर. ईस्टरआधीचे आठवडे, ख्रिसमसआधीचे, १ ते १४ ऑगस्ट, शिवाय बहुतेक बुधवार-शुक्रवार. त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळे दूधही नसलेल्या पदार्थांची एक मोठी परंपरा घरोघरी आहे. "नीस्तीसिमा", म्हणजे उपासाचं, असं विचारलं की मालकीणबाईंचा चेहरा उजळतो. पण एक सांभाळा. त्यांच्या उपासाला ऑक्टोपस, माकुळ, कोळंबी चालते. म्हणून मासे-कोळंबीसुद्धा नको हे वेगळं सांगावं लागतं.

काय मागवायचं? फावा : पिवळी डाळ शिजवून घोटलेली, वर कच्चा कांदा, लिंबू, ऑलिव्ह तेल. गिगान्तेस : मोठे पांढरे वाल टोमॅटोत भाजलेले, त्यात कधी सॉसेज असतं, विचारून घ्या. होर्ता : रानभाज्या उकडून लिंबू पिळलेल्या. ब्रियाम : वांगी, बटाटे, झुकिनी भट्टीत. भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या भाताच्याही असतात आणि खिम्याच्याही, तेव्हा तेही विचारायचं.

आम्ही सिफनोस बेटावर वाथी गावी होतो. गोल खाडी, वाळू, धक्क्यालगत पांढरा मठ, काठावर कुंभारांच्या कार्यशाळा. या गावाला डांबरी रस्ता १९९०च्या दशकात आला, त्याआधी बोट नाहीतर खेचराची वाट. सिफनोसची माती चांगली म्हणून इथले कुंभार पूर्वी सगळ्या एजियन समुद्राच्या पट्ट्यात भांडी पाठवायचे. त्याच मातीच्या झाकणाच्या भांड्यात शनिवारी रात्री छोले, कांदा, तमालपत्र, तेल आणि पाणी घालून भांडं लाकडाच्या भट्टीत ठेवतात. रविवारी चर्चमधून परतताना ते बाहेर काढतात. तिला रेविथादा म्हणतात. मसाला काही नाही. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग मालकीणबाईंचा हात धरून त्यांनी मराठीतून विचारलं, किती तास ठेवता? त्या बाईंनी ग्रीकमधून उत्तर दिलं. दोघींचं दहा-पंधरा मिनिटं असंच चाललं होतं आणि मी मध्ये पडले नाही.

जुलैत उत्तरेचा मेल्तेमी वारा जोरात असतो. वारा वाढला की बंदराचे अधिकारी बोटींना बाहेर पडू देत नाहीत. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी अथेन्सला पोचलेलं बरं.

मुंबईहून : गालाक्सिदी

मी मर्चंट नेव्हीत इंजिन विभागात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं ग्रीक मालकांच्या जहाजांवर. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची आणि मुंबईची कितीतरी मुलं ग्रीक जहाजांवर असतात. पण आम्ही ग्रीस बघतो ते अथेन्सजवळच्या पिरेयसच्या बंदरातून, तेही दोन क्रेनच्या मधून. निवृत्त झाल्यावर सौ.ना घेऊन मुद्दाम गालाक्सिदीला गेलो, कारण ते कप्तानांचं गाव. कोरिंथच्या आखातावर, अपोलोच्या प्राचीन देवळाच्या डेल्फीहून गाडीने पाऊण तासाच्या आसपास.

एकोणिसाव्या शतकात हे एवढंसं गाव शिडाची जहाजं बांधायचं आणि ती भूमध्य समुद्रभर धाडायचं. १८२१मध्ये तुर्की आरमाराने गाव जाळलं, तरी पुन्हा उभं राहिलं. मग वाफेची जहाजं आली आणि गालाक्सिदीचे कप्तान शिडांनाच धरून राहिले. धंदा गेला, तरुण पिरेयसला गेले, पण कप्तानांची दगडी घरं, रंगवलेली छतं, खलाशांचा पाठीराखा संत निकोलस याचं चर्च आणि त्यातला लाकडी कोरीवकामाचा पडदा तसाच राहिला. संग्रहालयात त्या जहाजांची चित्रं टांगली आहेत. प्रत्येक कप्तान आपल्या जहाजाचं चित्र काढून घ्यायचा. मी एकेका चित्रापुढे उभा राहून दोऱ्या मोजत होतो. ज्या माणसाने आयुष्य इंजिन रूममध्ये काढलं, त्याला इंजिनामुळे थांबलेलं गाव बघताना काय वाटतं ते नीट शब्दांत येत नाही. मान खाली जाते एवढं खरं.

आम्ही २०२५च्या मार्चमध्ये गेलो ते 'स्वच्छ सोमवार' साधून. ईस्टरच्या उपासांचा तो पहिला दिवस, त्या वर्षी ३ मार्चला होता. त्या दिवशी गालाक्सिदीत पिठाची लढाई होते. रंग घातलेलं पीठ पोत्यांनी आणतात आणि बंदरावर एकमेकांवर फेकतात. घरांना आदल्या दिवशी प्लास्टिक बांधून ठेवतात. आपल्या रंगपंचमीसारखंच, फक्त पाण्याच्या जागी पीठ. सौ.चा सगळा उत्साह वर आला, त्या मागे हटल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गाव धुतलं आणि पुन्हा धक्क्यावर म्हातारे कॉफीला बसले. शांत गावाचाही एक दिवस असतो, तो जमला तर बघा. त्या दिवशी बिनखमिराची चपटी लागाना भाकरी आणि हलवा खातात, मुलं पतंग उडवतात.

त्या धक्क्यावर एक निवृत्त ग्रीक कप्तान भेटले. मुंबई, कांडला, विशाखापट्टणम ही नावं त्यांनी घडाघडा म्हटली. मराठी खलाशांबद्दल त्यांनी जे चांगलं बोलून दाखवलं त्याने मला भरून आलं. कॉफीचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.

म्युनिकहून

शांततेबद्दल थोडं. ऑगस्टमध्ये कुठल्याही गावात शांतता शोधू नका. अथेन्समध्ये नोकरी करणारे सगळे आपापल्या गावी परततात आणि १५ ऑगस्टला मारियामातेचा मोठा सण असतो. आम्ही ग्रीसच्या दक्षिणेला पेलोपोनेस द्वीपकल्पातल्या एका गावात होतो. रात्रभर चौकात वाद्यं, गोल करून नाच, लहान मुलंही जागी. मला ते मनापासून आवडलं, कारण बाकी वर्षभर हीच माणसं दुपारची शांतता काटेकोर पाळतात. उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५.३० आणि रात्री ११ ते सकाळी ७ ही तिथे कायद्याने शांततेची वेळ आहे. दुपारी ड्रिल, मोठ्याने गाणी, मुलांचा दंगा, काही चालत नाही. आपण पाहुण्यांनीही पाळावं. किनारे ग्रीसमध्ये कायद्याने सगळ्यांचे आहेत. २०२३मध्ये पारोस बेटावर छत्र्या-खुर्च्यांनी वाळू व्यापली तेव्हा रहिवासी हातात टॉवेल घेऊन उतरले आणि जागा मागितली. त्याचं लोण इतर बेटांवरही गेलं. मोकळ्या वाळूवर आपला टॉवेल पसरायला घाबरू नका, खुर्ची भाड्याने घेतलीच पाहिजे असं नाही.

मँचेस्टरहून : स्काला सिकामिनियास, लेस्वोस

मी नर्स आहे. या गावाचं नाव मला २०१५च्या बातम्यांतून माहीत झालं होतं. त्या एका वर्षात युद्धातून, हलाखीतून पळालेली साडेआठ लाखांवर माणसं समुद्रातून ग्रीसला आली, त्यातली जवळजवळ पाच लाख लेस्वोस बेटावर. समोर तुर्कस्तानचा किनारा आहे, दुपारी तिकडची घरंही दिसतात. रबरी होड्या याच उत्तर किनाऱ्याला लागत. गावात माणसं मूठभर. मच्छीमारांनी जाळी सोडून माणसं ओढून काढली. बायकांनी कोरडे कपडे आणले. एका सिरियन बाळाला बाटलीने दूध पाजणाऱ्या इथल्या आजींचा फोटो जगभर गेला. २०१६मध्ये त्या आजी आणि गावचा एक मच्छीमार यांची नावं शांततेच्या नोबेलसाठी सुचवली गेली.

नंतर पाहुणे यायचे थांबले. बातम्या बघून लोकांनी बेट टाळलं. ज्यांनी दार उघडलं त्यांचीच दुकानं रिकामी पडली, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. म्हणून मी ठरवून गेले.

बंदराच्या टोकाला खडकावर पानायिया गोर्गोनाचं एवढंसं पांढरं चर्च आहे. तुतीच्या झाडाखाली खानावळ. भोपळ्याच्या जातीच्या फुलांत चीज आणि भात भरून तळतात, ती लेस्वोसची खासियत. सार्डिन मासे आणि उझो, म्हणजे बडीशेपेच्या स्वादाची दारू. पहिले दोन दिवस मी कुणाला काही विचारलं नाही. मग खानावळीतल्या ताईंनीच, मी नर्स आहे हे कळल्यावर, खुर्ची ओढली. त्यांचे आजी-आजोबा १९२२मध्ये समोरच्याच किनाऱ्यावरून होडीतून पळून आले होते. तुर्कस्तानातल्या ग्रीकांना तेव्हा घरंदारं सोडावी लागली. या किनाऱ्यावरच्या अनेक घरांची हीच कहाणी. त्यांनी मला नोबेलबद्दल एक शब्द सांगितला नाही. पाणी किती गार होतं, मुलांचे ओठ कसे निळे पडलेले असायचे, हे मात्र त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

अशा गावांत जाऊन राहणं, तिथे जेवणं, पैसे तिथेच खर्च करणं ही मदतच आहे. जा.

फ्रँकफर्टहून : प्लाका, लेओनिदिओ

थोडक्यात लिहितो. पेलोपोनेसमधल्याच आर्केडियाच्या किनाऱ्यावर तांबड्या कड्यांखाली लेओनिदिओ आणि त्याचं चिमुकलं बंदर प्लाका. गोट्यांचा किनारा, दोन-चार खानावळी. इथले लोक त्साकोनियन बोलतात, म्हणजे आता म्हातारी माणसंच. बाकी ग्रीक बोली एका मुळाच्या, ही प्राचीन डोरिक बोलीवरून आलेली. गावात पाटी आहे, तिचा अर्थ असा : आमची भाषा त्साकोनियन आहे, लोकांना तुमच्याशी बोलायला सांगा. मी सांगितलं. किराणा दुकानातल्या आजोबांनी दुकान सोडून मला चार वाक्यं शिकवली.

२०२४चा ईस्टर ५ मेला होता. आदल्या मध्यरात्री "ख्रिस्त उठला" असं म्हणताच गावातल्या वेगवेगळ्या चर्चांचे लोक कागदी आकाशदिवे सोडतात. शेकडो दिवे कड्यांवरून वर जातात. आणि वांगी! लेओनिदिओची लांब, जांभळ्या-पांढऱ्या रेघांची गोड वांगी युरोपीय संघाने उगमस्थानाच्या नावाने संरक्षित केली आहेत. कोवळी वांगी साखरेच्या पाकात घालून जपतात आणि पाहुण्याला थंड पाण्यासोबत चमचाभर देतात. मी बरण्या घेऊन आलो, आईला पटेना की वांगं आहे.

नाशिकहून

सगळ्यांचे अनुभव वाचून मन भरलं. आई-बाबांना घेऊन जायचंय. दोघं सत्तरीपुढचे, बाबांचे गुडघे दुखतात, आईला लसूण चालतो पण अंडं नाही. कुठलं गाव धरू? व्हिसाचं कधी बघू?

उट्रेख्टहून

दादा, आई-बाबांसाठी लुत्रो नको. तिथे सामान खांद्यावर आणि खोली हमखास वरच्या मजल्यावर. कार्दामिली किंवा गालाक्सिदी धरा. दोन्हीकडे गाडी दारापर्यंत जाते. कार्दामिलीला मोठं रुग्णालय कालामातात आणि गालाक्सिदीला आम्फिसात, दोन्ही हाकेच्या अंतरावर नसली तरी तासाच्या आत. तळमजल्याची खोली मागून घ्या आणि संडासात कागद टाकायचा नसतो हे आधीच सांगून ठेवा. तिथले सांडपाण्याचे पाइप अरुंद असतात, कागदासाठी शेजारी डबा असतो. किनारा गोट्यांचा आहे, पाण्यात घालायचे रबरी बूट दोघांनाही घ्या. त्याने सी-अर्चिनचे काटेही टळतात.

महिना सप्टेंबर. मेमध्ये फुलं खूप, पण पाणी गार असतं, बाबांना झेपणार नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यात भेटीच्या वेळा मिळत नाहीत, तेव्हा एप्रिल-मेमध्येच लागा. थोडी रोकड जवळ असू द्या. राहायच्या खोलीवर दर रात्री वेगळा सरकारी कर असतो, तो बरेचदा तिथेच द्यायचा असतो, म्हणून खोली ठरवतानाच विचारा. आईंसाठी वर डब्लिनच्या ताईंनी दिलेली यादी मोबाइलमध्ये उतरवून घ्या. आणि गालाक्सिदी ठरलं तर डेल्फीला सकाळी दारं उघडतानाच पोचा. तिथला चढ मोठा आहे, उन्हाआधी बाबा निदान अपोलोच्या देवळापर्यंत सावकाश जातील.